माप उणिवेचे नको, गरजेचे हवे

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस अलीगंज ही मोठी वसाहत आहे. तेथील जुने हनुमान मंदिर अवधच्या नवाबी घराण्याच्या आश्रयाने उभे राहिले, असे परंपरा सांगते. उत्तरेकडील पंचांगाच्या ज्येष्ठ महिन्यात दर मंगळवारी, ज्याला तेथील लोक ‘बडा मंगल’ म्हणतात, या मंदिरापासून सबंध शहरभर रस्तोरस्ती भंडारे लागतात. हिंदू आणि मुसलमान, दोघेही येणाऱ्याजाणाऱ्याला पुरीभाजी वाढतात, सरबत देतात. याच अलीगंजच्या सेक्टर सीमध्ये ‘चेतना’ ही बौद्धिक विकलांग मुलामुलींसाठी शाळा चालविणारी व विशेष शिक्षक तयार करणारी संस्था आहे. भंडाऱ्यात पंगतीला येणाऱ्याला कोणी दाखला विचारीत नाही. पण भंडारा एका दिवसाचा असतो. बौद्धिक विकलांग व्यक्तीला लागणारा आधार वर्षाचे ३६५ दिवस आणि बहुधा आयुष्यभर लागतो. तो मिळविण्यासाठी शासनाच्या दारात गेले की पहिला प्रश्न येतो तो टक्केवारीचा. अलीगंजमधील कुटुंब असो, कोल्हापूरचे असो वा चंद्रपूरचे, हा प्रश्न कोणालाही चुकत नाही.

हा प्रश्न केवळ काही दुर्दैवी कुटुंबांचा आहे, अशी समजूत पुरोगामी चळवळीतही दीर्घकाळ रूढ होती. ती चुकीची आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख विकलांग नोंदले गेले. त्यांपैकी बौद्धिक विकलांगांची संख्या १५ लाखांहून अधिक होती. उत्तर प्रदेशात ती सुमारे १ लाख ८१ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख ६० हजार होती. घरातील अशा मुलाची नोंद लोकलज्जेमुळे पुष्कळदा टाळली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून बरीच मोठी असल्याचे या क्षेत्रातील कार्यकर्ते सांगतात. प्रत्येक आकड्यामागे एक कुटुंब आहे, आणि त्या कुटुंबात बहुधा एक स्त्री अशी आहे की जिचे सबंध आयुष्य या एकाच कामात खर्ची पडते. म्हणूनच हा श्रमाचा, वेतनाचा आणि राज्यसंस्थेच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

दाखला कसा दिला जातो, ते प्रथम पाहिले पाहिजे. जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळासमोर मुलाला नेले जाते. बुद्धिमापन चाचणी व सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेऊन एक गुणांक काढला जातो आणि त्या गुणांकावरून विकलांगतेची टक्केवारी ठरते. केंद्र शासनाने २००१ साली व पुन्हा २०१८ साली जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य बौद्धिक विकलांगतेला ५० टक्के, मध्यमला ७५ टक्के, तीव्रला ९० टक्के आणि अतितीव्रला १०० टक्के असे कोष्टक होते. या कोष्टकात व्यक्तीची उणीव मोजली जाते. तिला कोणत्या कामासाठी, दिवसातून किती वेळ, कोणाची मदत लागते, हे त्यात कोठेही येत नाही. रात्री तिला एकटे ठेवता येते काय? तिला फेफरे येतात काय? बसने एकटीने प्रवास करता येतो काय? दुकानदाराने फसविले तर ते तिला कळते काय? घरात तिची काळजी घेणारे कोण आहे, त्याचे वय काय, आणि तो कामावर गेला तर तिच्याजवळ कोण थांबते? दाखल्यावरील टक्क्याला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते.

अशी कल्पना करावी की, ७५ टक्क्यांचा दाखला मिळालेले दोन तरुण एकाच शहरात राहतात. एकाचे वडील निवृत्तिवेतनधारक आहेत, घर पक्के आहे, घरात माणसे आहेत, तरुण रोज कार्यशाळेत जाऊन कागदी पिशव्या करतो. दुसऱ्याची आई विधवा असून चार घरची धुणीभांडी करते, आणि तो रस्त्यावर भरकटेल या भीतीने कामावर जाताना बाहेरून कडी लावून जाते. शासनाच्या दृष्टीने दोघे समान आहेत. असमान परिस्थितीतील माणसांना एकच मोजपट्टी लावली की त्यातून असमानताच जन्माला येते, हे मार्क्सने १८७५ साली गोथा कार्यक्रमाच्या समीक्षेत दाखवून दिले होते. त्याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

या टक्केवारीला पैसा जोडला गेला की तिचा अन्याय अधिक स्पष्ट होतो. केंद्र शासनाने २००९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय विकलांग निवृत्तिवेतन योजना सुरू केली. ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आहे आणि तिची अट ८० टक्के विकलांगतेची आहे. आता वरील कोष्टक या अटीशेजारी ठेवून पाहावे. मध्यम बौद्धिक विकलांगतेला ७५ टक्के मिळतात. म्हणजे ज्या व्यक्तीला पैशाचा व्यवहार करता येत नाही, जिला सतत देखरेख लागते, जी खुल्या बाजारात क्वचितच रोजगार मिळवू शकते, ती व्यक्ती अवघ्या पाच टक्क्यांनी योजनेच्या बाहेर राहते. हे पाच टक्के कोणत्याही वैद्यकीय शास्त्रातून आलेले नाहीत. दोन स्वतंत्र कार्यालयांनी दोन स्वतंत्र आकडे ठरविले आणि त्यांच्यामधल्या फटीत एक सबंध वर्ग पडला, एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे.

आणि जे आत येतात त्यांना काय मिळते? केंद्राचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये करण्यात आला. दिवसाला दहा रुपये! त्यानंतर डाळीचे, औषधाचे, रिक्षाभाड्याचे दर कोठल्या कोठे गेले, केंद्राचा वाटा मात्र तेथेच राहिला. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘विकलांग’ हा शब्द सोडून ‘दिव्यांग’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि सर्व सरकारी पाट्या बदलल्या. महाराष्ट्रात ‘मतिमंद’ हा शब्द मागे पडला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु पाटी बदलल्याने घरातील चूल पेटत नाही. शब्द बदलला आणि आकडा तसाच राहिला, हा या काळातील शासकीय सहानुभूतीचा सारांश होय.

मापनाचे हे साधन मुळात कशासाठी निर्माण झाले, याचा इतिहास बोधप्रद आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली आपली चाचणी तयार केली, ती सार्वजनिक शाळांतील कोणत्या मुलांना अधिक मदत हवी हे ओळखण्यासाठी. पुढे अमेरिकेत तिचाच उपयोग माणसांची प्रतवारी लावण्यासाठी आणि काहींना नालायक ठरविण्यासाठी झाला. महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी बसविली. ती ‘बिने-कामत’ या नावाने पुढे देशभर वापरली गेली. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी नागपुरात तयार केले. ही श्रेणी जन्मापासून पंधरा वर्षे वयापर्यंतची आहे. पस्तीस वर्षांच्या माणसाला तीच लावून त्याचे निवृत्तिवेतन ठरविले जाते! तो जेवतो कसा, कपडे घालतो कसा, हे तीवरून कळेल. म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या प्रौढ माणसाला सन्मानाने जगण्यास काय लागेल, हे तीवरून कळणार नाही. दोष या विद्वानांचा नाही. मदतीसाठी घडविलेले साधन गाळणीसारखे वापरणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

जगातील विचार या बाबतीत बराच पुढे गेला आहे. अमेरिकेतील या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ सालीच सौम्य-मध्यम-तीव्र ही विभागणी मागे टाकून व्यक्तीला प्रसंगी, मर्यादित, विस्तृत की सर्वकाळ आधार लागतो, या निकषाचा पुरस्कार केला. २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने विकलांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि २००७ च्या ऑक्टोबरात भारताने त्यास मान्यता दिली. त्या करारास अनुसरून संसदेने २०१६ साली विकलांग व्यक्ती हक्क कायदा संमत केला. विकलांग संघटनांनी वर्षानुवर्षे केलेल्या संघर्षाचे ते फळ होते, आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. या कायद्याच्या ३८ व्या कलमान्वये ४० टक्के वा अधिक विकलांगता असलेल्या व्यक्तीला आपणास अधिक आधाराची गरज आहे असा अर्ज करता येतो, आणि मूल्यमापन मंडळाने त्या गरजेची तपासणी करावी अशी तरतूद आहे. २०१९ साली या मूल्यमापनासाठी नियमही करण्यात आले. २४ व्या कलमात अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, आणि विकलांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे, असेही म्हटले आहे.

मग अडले कोठे? कायदा नीट वाचला की उत्तर सापडते. २४ व्या कलमात शासनाचे कर्तव्य ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ असे बांधून टाकले आहे. ३८ व्या कलमातही मूल्यमापनानंतरचा आधार संबंधित योजना व आदेशांच्या अधीन ठेवला आहे. म्हणजे गरज मोजण्याचा हक्क मिळाला, पण मोजलेली गरज भागविण्याचा हक्क मिळाला नाही. मंडळाने अमुक व्यक्तीला दिवसातील बारा तास साहाय्यकाची गरज आहे असे लिहिले, तरी त्या बारा तासांचे पैसे कोणत्या खात्यातून यावयाचे, हे कायदा सांगत नाही. वैद्याने नाडी पाहावी, औषध लिहून द्यावे आणि गावात औषधाचे दुकानच नसावे, तशी ही अवस्था आहे.

परिणामी विकलांगाला किती पैसा मिळेल, हे तो कोणत्या राज्यात जन्मला यावर अवलंबून राहिले आहे. उत्तर प्रदेशात राज्याचे निवृत्तिवेतन २०२१ च्या अखेरीस दरमहा १,००० रुपये करण्यात आले. त्याच्या पात्रतेसाठी शहरी भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५६,४६० रुपये, म्हणजे महिन्याला ४,७०५ रुपये, ठरविण्यात आली. त्या राज्यातील अकुशल कामगाराचे कायदेशीर किमान वेतन महिन्याला दहा हजारांच्या वर आहे. तेव्हा ज्या कामगाराला मालकाने कायद्याप्रमाणे किमान वेतन दिले, तो आपल्या मुलाच्या निवृत्तिवेतनासाठी ‘श्रीमंत’ ठरतो! महाराष्ट्रात १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम २०२३ साली १,५०० रुपये झाली. राज्यातील विकलांगांनी मोर्चे, धरणी आणि उपोषणे केली तेव्हा कोठे २०२५ च्या ऑक्टोबरापासून त्यांच्यासाठी ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. आंध्र प्रदेशाने २०२४ साली विकलांगांचे निवृत्तिवेतन ३,००० वरून ६,००० रुपये केले आणि अंथरुणास खिळलेल्यांसाठी १५,००० रुपये ठरविले. एकाच देशात, एकाच संसदेच्या कायद्याखाली, एकाच गरजेला इतक्या निरनिराळ्या किमती कशा असू शकतात? आणि राज्ये हे करू शकतात, तर केंद्राला ३०० रुपयांच्या पुढे जाता येत नाही, हे कोण मान्य करील?

रोख रकमेने सर्व गरज भागत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. साहाय्यक, शिक्षक, कार्यशाळा, वाहन आणि निवारा या गोष्टी सार्वजनिक व्यवस्थेनेच उभ्या करावयाच्या असतात. केरळात २००४ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर पंचायतीत पहिली ‘बड्स’ शाळा सुरू झाली. स्थानिक स्वराज्य संस्था आणि ‘कुटुंबश्री’ या महिलांच्या संघटनेच्या साहाय्याने अशा शाळा व अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी पुनर्वसन केंद्रे पुढे राज्यभर उभी राहिली. पंचायत ही आपल्याच गावातील मुलाची जबाबदारी उचलते, हे त्यातील मुख्य तत्त्व आहे. घरात काळजी घेणाऱ्याला भत्ता देणारी ‘आश्वासकिरणम्’ योजनाही त्याच राज्यात निघाली. परंतु तिची ६०० रुपयांची रक्कम तुटपुंजी आहे आणि ती दीर्घकाळ थकत राहिल्याची लाभार्थ्यांची तक्रार रास्त आहे. जेथे दिशा योग्य आहे तेथेही निधीविना पाऊल पुढे पडत नाही, हाच त्याचा अर्थ. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी विकलांगांसाठी खर्च करावा असा आदेश आहे. आपल्या नगरपालिकेने, आपल्या ग्रामपंचायतीने हा निधी कशावर खर्च केला, याचा हिशेब किती गावांत कोणी मागितला आहे?

शिक्षणाच्या बाबतीत उत्तर प्रदेशाचे उदाहरण पाहावे. विशेष शिक्षकांच्या नेमणुकांविषयीचे प्रकरण त्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०२१ साली निर्णय दिला. प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढील स्तरांवर पंधरांमागे एक शिक्षक, असे प्रमाण २०२२ साली अधिसूचित झाले. तरीही २०२५ च्या मार्च महिन्यात न्यायालयाला सर्व राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, निदान किती पदे लागतात ते तरी जाहीर करा. गरज मोजली गेली, प्रमाण ठरले, पण पदे भरली गेली नाहीत. जी पोकळी राहते, ती अलीगंजच्या ‘चेतना’सारख्या किंवा मुंबईच्या १९४४ पासूनच्या जय वकील शाळेसारख्या स्वयंसेवी संस्था भरून काढतात. त्यांचे काम मोलाचे आहे, त्यांच्या शिक्षकांची निष्ठा वादातीत आहे. पण लक्षावधी नागरिकांचा हक्क देणगीदारांच्या औदार्यावर आणि विलंबाने मंजूर होणाऱ्या अनुदानांवर सोडून देणे, ही राज्यसंस्थेने केलेली कर्तव्यच्युती आहे.

उरलेली सारी किंमत स्त्री देते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात गुंतलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. घरात बौद्धिक विकलांग मूल असले की हे ओझे किती वाढते, याची पाहणीच होत नाही. ती स्त्री रोजगार सोडते, तिला रजा नाही, वेतन नाही, निवृत्ती नाही. शासनाच्या दृष्टीने हे ‘मातृप्रेम’ असल्यामुळे फुकट असते! प्रेम खरे आहे. म्हणूनच त्याचा गैरफायदा घेणे अधिक निंद्य आहे.

आधाराची गरज पैशाने भागवावयाची नसली की व्यवस्था कोणत्या थराला जाते, हे महाराष्ट्राने १९९४ साली पाहिले. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक विकलांग मुलींना मासिक पाळीच्या काळात स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देऊन पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यापैकी अनेकींची गर्भाशये काढून टाकण्यात आली. स्त्री संघटनांच्या तीव्र विरोधानंतर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना हवे होते ते साहाय्यक हात, स्नानगृहे आणि शिकविणारे माणूस. गरज होती मनुष्यबळाची, आणि उत्तर देण्यात आले शस्त्राने. तीस वर्षांनंतर, २०२४ च्या जुलैत, दिल्लीच्या शासकीय ‘आशा किरण’ निवासगृहात एका महिन्यात चौदा जणांचे मृत्यू झाले. आईवडिलांच्या पश्चात आपल्या मुलाचे काय होईल, हा प्रश्न प्रत्येक पालकाची झोप का उडवितो, हे यावरून कळावे. पालकांनीच एकत्र येऊन बदलापूरला ‘आधार’सारखी प्रौढांची निवासी संस्था उभारली, ती याच चिंतेतून.

येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. गरजेचे मूल्यमापन ही मागणी रास्त असली, तरी मूल्यमापन कोणाच्या हातात आणि कोणत्या हेतूने, हा निर्णायक प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २००८ पासून कामाच्या क्षमतेची तपासणी एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आली. आजारी व विकलांग माणसांना ‘कामास योग्य’ ठरवून त्यांचे भत्ते बंद करण्यात आले. अपिलांत असे निर्णय मोठ्या संख्येने फिरले, आंदोलने झाली आणि २०१४ साली त्या कंपनीने मुदतीपूर्वीच कंत्राट सोडण्याचे मान्य केले. ऑस्ट्रेलियात २०१३ साली राष्ट्रीय विकलांग विमा योजना सुरू झाली. व्यक्तीची गरज पाहून तिच्यासाठी निधी ठरवावा, हे तिचे तत्त्व निश्चितच प्रगत होते. पण खर्च वाढताच तेथील सरकारने अनोळखी तपासनीसांकडून काही तासांत ‘स्वतंत्र मूल्यमापन’ करण्याची योजना आणली. विकलांग संघटना आणि कुटुंबे एकवटली, आणि २०२१ च्या जुलैत सरकारला ती मागे घ्यावी लागली. भांडवली राज्यसंस्थेच्या हातातील मोजपट्टी केव्हा कात्री होईल, याचा नेम नसतो. भारतात नव्या मूल्यमापनाची मागणी करताना हा धडा विसरता कामा नये.

‘पैसा आणावयाचा कोठून?’ हा सत्ताधाऱ्यांचा ठरलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्यांच्याच आकड्यांत आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विकलांग सक्षमीकरण विभागासाठी सुमारे १,२७५ कोटी रुपयांची तरतूद होती आणि एकूण अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांमागे अडीच पैसे! जनगणनेत नोंदलेल्या १५ लाख बौद्धिक विकलांगांना प्रत्येकी दरमहा ५,००० रुपये दिले, तर वर्षाला सुमारे ९,००० कोटी रुपये लागतील. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांवरील कराचा दर घटविण्यात आला, तेव्हा त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. त्याच्या सोळाव्या हिश्शात हे काम होते. प्रत्यक्ष संख्या दुप्पट धरली तरी आठवा हिस्सा पुरेसा आहे. तेव्हा पैसा नाही, हे म्हणणे खोटे आहे. पैसा कोणासाठी आहे, एवढाच प्रश्न आहे.

या परिस्थितीत पुढील मागण्या घेऊन व्यापक चळवळ उभी करणे आवश्यक आहे. केंद्रीय निवृत्तिवेतनाची ८० टक्क्यांची अट रद्द करून ती ४० टक्के करावी, रक्कम दरमहा किमान ५,००० रुपये करून ती महागाई निर्देशांकाशी जोडावी आणि उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाच्या वर न्यावी. ३८ व्या कलमाखालील मूल्यमापन प्रत्येक जिल्ह्यात नियमित व्हावे. त्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर विशेष शिक्षक, पालकांचे प्रतिनिधी आणि स्वतः विकलांग व्यक्ती असाव्यात. ते घरी जाऊन व्हावे. त्याविरुद्ध अपिलाची सोय असावी, आणि ते कोणत्याही खाजगी कंपनीकडे देऊ नये. मूल्यमापनात नमूद झालेला आधार देणे शासनावर बंधनकारक करावे. काळजीवाहक स्त्रियांना भत्ता आणि निवृत्तिवेतन मिळावे. प्रत्येक तालुक्यात सार्वजनिक दिवसकेंद्र आणि प्रत्येक जिल्ह्यात पालकांच्या देखरेखीखालील निवासगृह असावे. विशेष शिक्षकांची पदे कायम स्वरूपात भरावीत.

परंतु शासनाकडे बोट दाखविताना चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. किती शाखांना आपल्या वस्तीतील अशा कुटुंबांची माहिती आहे? संघटनेच्या बैठकीला येणे बंद झालेल्या कामगार स्त्रीच्या घरी जाऊन, तिच्या मागे कोणते मूल आहे, याची चौकशी किती जणांनी केली? पक्षसभासदांच्या स्वतःच्या घरांतही अशी मुले आहेत आणि त्यांचा उल्लेख मोकळेपणाने होत नाही, ही वस्तुस्थिती आहे. लज्जेचा हा पडदा दूर करणे हे राजकीय काम आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील बौद्धिक विकलांगांची नोंद करावी, दाखल्यासाठी व अर्जासाठी त्या कुटुंबांसोबत कार्यालयात जावे, ५ टक्के निधीचा हिशेब मागावा, आणि महिला, कामगार व शेतमजूर संघटनांच्या मागण्यांत या मागण्यांचा समावेश करावा. विकलांगांच्या स्वतंत्र संघटनांशी खांद्याला खांदा लावून हे काम व्हावे. त्यांच्या वतीने परस्पर बोलण्याचा मोह टाळावा. ज्या बौद्धिक विकलांग व्यक्तींना आपली इच्छा शब्दांत सांगता येते त्यांचे म्हणणे प्रथम ऐकावे, आणि ज्यांना ती शब्दांत सांगता येत नाही त्यांची इच्छा ओळखण्यास शिकावे.

ज्येष्ठातील भंडाऱ्याला हात लावणाऱ्या अलीगंजच्या सामान्य माणसाच्या मनात माणुसकी आहे, तशी ती महाराष्ट्रातील गावोगावच्या माणसांच्या मनातही आहे. तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु माणुसकीची जागा हक्काला घेता आली पाहिजे, कारण दात्याच्या मर्जीवर कोणालाही आयुष्य बेतता येत नाही. बाहेरून कडी लावून कामावर जाणाऱ्या त्या आईला पुण्याची अपेक्षा नाही. ती कामावरून परत येईपर्यंत तिच्या मुलाजवळ कोणी प्रशिक्षित माणूस असावे आणि त्या माणसाचा पगार शासनाने द्यावा, एवढेच तिला हवे आहे. ती कडी उघडेपर्यंत टक्केवारीचे सारे दाखले व्यर्थ आहेत.